खर्रा की सांधा? तोंड न उघडणाऱ्या जबड्याचा एमआरआय

पार्श्वभूमी

विदर्भात तिशीच्या आसपासचा माणूस "तोंड उघडत नाही" म्हणत दवाखान्यात आला की डॉक्टरांचा पहिला प्रश्न खर्र्याचा असतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरच ठरतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा तासन्‌तास गालात धरला जातो. त्यातल्या सुपारीने गालाचे आतले अस्तर हळूहळू पांढरट आणि कडक होते, त्याखाली तंतूंचे पट्टे तयार होतात आणि तोंड मिटत जाते. हाच सबम्यूकस फायब्रोसिस. नागपुरातल्या दंतवैद्याला तो इतका ओळखीचा आहे की रुग्ण खुर्चीत बसायच्या आधीच निदान मनात तयार असते.

इथे मांडलेल्या प्रकरणात ते निदान चूक नव्हते, अपुरे होते. रुग्णाला फायब्रोसिस होता, पण तोंड अचानक बंद होण्याचे मुख्य कारण डाव्या जबड्याच्या सांध्यात होते. एमआरआयने ते दाखवले, तेही दुसऱ्या खेपेला. पहिला एमआरआय "सर्व ठीक" म्हणून गेला होता. दोन तपासण्यांत नेमका काय फरक होता, तो समजावा म्हणून हे सविस्तर लिहिले आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सांध्याची रचना थोडक्यात. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडले तर बोटाखाली जो गोळा सरकतो तो खालच्या जबड्याचा काँडाइल. तो कवटीच्या खोबणीत बसतो आणि खोबणीच्या पुढे हाडाचा उंचवटा असतो. काँडाइल आणि कवटी यांच्यामध्ये एक चकती असते आणि तिच्यामुळे सांध्याचे वरचा व खालचा असे दोन कप्पे होतात. बाजूने पाहिली तर आडव्या डमरूसारखी, मध्ये पातळ आणि पुढेमागे जाड. तोंड बंद असताना तिचा मागचा जाड पट्टा काँडाइलच्या माथ्यावर, घड्याळात बारा वाजतात त्या जागी असतो. तोंड उघडायला लागले की पहिले साधारण २० ते २५ मिमी काँडाइल मुख्यतः जागच्या जागी फिरतो, नंतर चकतीला घेऊन उंचवट्याखाली पुढे घसरतो. चकती आधीच पुढे सरकलेली असेल तर काँडाइल घसरताना तिच्या जाड पट्ट्यावरून उडी मारून पातळ भागात येतो आणि "कट्" असा आवाज होतो. पुढे कधीतरी ही उडी बसेनाशी होते. मग आवाज थांबतो आणि तोंडही तिथेच अडते.

तक्रार आणि पहिले पाच आठवडे

रुग्ण २९ वर्षांचा, कळमना बाजारात एका आडत्याकडे हिशेबाचे काम करणारा. खर्रा सात-आठ वर्षांपासून, दिवसाला तीन-चार पुड्या. डाव्या कानापाशी खाताना आवाज येतो हे त्याला दोन वर्षांपासून माहीत होते. शेवटचे काही महिने सकाळी जबडा अडकायचा, तो इकडेतिकडे हलवून सोडवावा लागायचा. जूनमध्ये एका सकाळी तो सुटलाच नाही.

आठवड्याने तो जवळच्या दवाखान्यात गेला. गालाचे अस्तर फिकट, मागच्या बाजूला बारीक पट्टे हाताला लागत होते, पुढच्या दातांमधले अंतर २७ मिमी. सबम्यूकस फायब्रोसिसचे निदान झाले आणि त्याला साजेसे उपचार सुरू झाले: गालात आठवड्यातून एकदा हायल्युरोनिडेज (ऊतक सैल करणारे विकर) आणि डेक्सामेथासोनची (सूज उतरवणारे स्टेरॉइड) इंजेक्शने, घरी दाढांमध्ये लाकडी काड्यांचा गठ्ठा धरून दिवसातून तीनदा ताण, दर दोन दिवसांनी एक काडी वाढवायची. तीन इंजेक्शने झाली. तोंड २७ वरून २४ मिमीवर आले आणि डाव्या कानात ठणका सुरू झाला. कानाच्या डॉक्टरांना कानात काही सापडले नाही. ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, दोन्ही सांध्यांची हाडे ठीक दिसली, आणि ओपीजीत चकती दिसतच नाही. चौथ्या आठवड्यात कोणीतरी एमआरआय सुचवला. चिठ्ठीवर एवढेच होते: "एमआरआय टीएमजे", म्हणजे जबड्याच्या सांध्याचा एमआरआय. अहवाल आला: दोन्ही चकत्या जागेवर, सांध्यांची हालचाल कमी.

पाचव्या आठवड्यात त्याला तोंड आणि जबड्याच्या शल्यचिकित्सकांकडे पाठवले गेले. तिथे त्याने जे सांगितले ते आधीच्या एकाही कागदावर नव्हते: "मॅडम, आधी कट्कट वाजे. मग वाजणं बंद झालं, तं बरं वाटलं. पण दुसऱ्याच दिवशी पाह्यतो तं तोंडच नाही उघडून राह्यलं."

आवाज थांबणे आणि तोंड बंद होणे एकाच वेळी घडले, हे वाक्य ज्याने जबड्याचे सांधे पाहिले आहेत त्याला निम्मे निदान सांगून जाते. फायब्रोसिस एका रात्रीत तोंड बंद करत नाही. त्याला महिने, वर्षे लागतात.

तपासणीत काय मिळाले

मोजमापे पट्टीने घेतली, बोटांनी नाही. "दोन बोटे तोंड उघडते" असे लिहिले की पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही, कारण बोटे प्रत्येकाची वेगळी.

रुग्णाने स्वतः उघडले तेव्हा २४ मिमी. तपासणाऱ्याने अंगठा आणि मधल्या बोटाने हलका जोर दिला तेव्हा २६ मिमी. वरचे पुढचे दात खालच्या दातांवर ३ मिमी आलेले होते. ते मिळवले तर जोर देऊनची खरी मर्यादा २९ मिमी. जबड्याच्या विकारांसाठी २०१४ पासून वापरात असलेल्या डीसी/टीएमडी निकषांत, दातांचे हे आच्छादन धरून आणि जोर देऊन ४० मिमीपेक्षा कमी उघडणे म्हणजे मर्यादित.

मिलिमीटरच्या आकड्यापेक्षा जास्त सांगून गेली ती दिशा. तोंड उघडताना हनुवटी डावीकडे ४ मिमी झुकत होती आणि झुकलेलीच राहत होती. जबडा डावीकडे नेता येई ९ मिमी, उजवीकडे फक्त ४. उजवीकडे जाण्यासाठी डावा काँडाइल पुढे घसरावा लागतो, म्हणजे अडथळा डाव्या सांध्यात. दोन्ही गालांच्या पट्ट्यांनी तोंड बांधले असते तर ते बहुधा सरळ उघडले असते, नुसते कमी, आणि बाजूच्या हालचाली बऱ्याच शाबूत राहिल्या असत्या.

त्याच वेळी गाल आणि मऊ टाळू फिकट होते, मागचे पट्टे दोन्हीकडे होते, तिखट लागले की जळजळ होती. सावजीचा रस्सा सोडून दीड वर्ष झाले असे त्याने सांगितले. फायब्रोसिसही खराच होता. प्रश्न एवढाच उरला की २४ मिमीमध्ये गालाचा वाटा किती आणि सांध्याचा किती.

कोणते पर्याय तोलले

फायब्रोसिसचेच उपचार आणखी काही आठवडे चालू ठेवणे, हा पहिला पर्याय. तो लगेच बाजूला पडला. चकती पुढे अडकलेली असताना दाढांमध्ये काड्यांचा गठ्ठा ठोकून ताण दिला की काँडाइल चकतीवर आणि तिच्यामागच्या मऊ, नसांनी भरलेल्या ऊतकावर रेटला जातो. कानातला ठणका बहुधा तिथूनच येत होता.

दुसरा पर्याय होता चित्र न काढता थेट सांध्याचे उपचार सुरू करणे. याच्या बाजूने बरेच होते. डीसी/टीएमडी निकषांनी "चकती (तोंड उघडताना जागेवर) परत न येणारी, तोंड मर्यादित" असे निदान नुसत्या इतिहासावर आणि मोजमापावर केले तरी त्याची विशिष्टता (आजार नसलेल्यांना बरोबर वगळण्याचे प्रमाण) ०.९७ आणि संवेदनशीलता (आजार असलेल्यांना पकडण्याचे प्रमाण) ०.८० आहे. म्हणजे निकष बसले तर निदान सहसा चुकत नाही. शिवाय निरोगी, तक्रार नसलेल्या लोकांचा एमआरआय केला तरी सुमारे एक तृतीयांशांत चकती सरकलेली सापडते. म्हणून प्रत्येक दुखऱ्या सांध्याला एमआरआयच्या बोगद्यात घालणे योग्य नाही. साध्या, नुकत्या अडकलेल्या सांध्यात एमआरआयशिवाय उपचार सुरू करणे हेच बरोबर.

इथे मात्र तीन गोष्टी आड आल्या. तोंड बंद होण्याची दोन कारणे एकाच माणसात होती आणि त्यांचे उपचार एकमेकांविरुद्ध जात होते. आधीचा एक एमआरआय "चकती जागेवर" म्हणत होता. तो चुकला असे म्हणायचे तर पुरावा हवा होता. तिसरी गोष्ट सर्वांत वजनाची. खर्रा खाणाऱ्या माणसाचे तोंड काही आठवड्यांत आणखी बंद होत जाते आणि कान दुखू लागतो, तेव्हा चावण्याच्या स्नायूंच्या खोल जागेत, अक्कलदाढेच्या मागे किंवा कवटीच्या तळाशी गाठ नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जाणे धोक्याचे आहे. ती जागा तोंडात आरसा घालून दिसत नाही.

सीबीसीटीने, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनने, हाड उत्तम दिसले असते, पण चकती नाही. सोनोग्राफीने सांध्याची फक्त बाहेरची कड दिसते आणि करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून राहावे लागते. म्हणून पुन्हा एमआरआय. रुग्णाने एकदा काही हजार रुपये मोजलेले असताना "पुन्हा काढा" हे सांगणे सोपे नसते. शल्यचिकित्सकांनी आधी जुन्या फिल्म रेडिओलॉजिस्टसमोर ठेवल्या आणि त्या का पुरेशा नाहीत, ते रुग्णाला आणि त्याच्या मोठ्या भावाला चित्र दाखवूनच समजावले.

पहिला एमआरआय का फसला

जुन्या फिल्मवर कारणे दिसतच होती. तपासणी मेंदूच्या मोठ्या कॉइलने (शरीरातून येणारा सिग्नल पकडणाऱ्या भागाने) केली होती. सांधा करंगळीच्या पेराएवढा. एवढ्या मोठ्या कॉइलमध्ये त्याचा सिग्नल क्षीण येतो. काप ५ मिमी जाडीचे होते, म्हणजे दोन-तीन मिमीच्या चकतीची कड शेजारच्या ऊतकात मिसळून गेलेली. बाजूचे काप डोक्याच्या सरळ रेषेत घेतलेले, काँडाइलच्या अक्षाला काटकोनात नाहीत. काँडाइल डोक्याच्या आडव्या रेषेशी तिरका बसलेला असतो आणि दोन्ही बाजूंचा कोन सारखा नसतो. सरळ कापात अर्धा काँडाइल आणि अर्धा शेजार एकाच चित्रात येतो.

उघड्या तोंडाचे चित्र होते, पण तोंड गुंडाळलेल्या गॉजने उघडे ठेवलेले. गॉज दाबला जातो. फिल्मवर दातांमधले अंतर मोजले तर जेमतेम १० मिमी. तेवढ्यात काँडाइल नुसता फिरलेला असतो, घसरलेला नसतो. अशा चित्रावरून "चकती परत येते की नाही" याचे उत्तर कोणत्याच बाजूने देता येत नाही. परत येणारी चकतीही १० मिमीला न आलेली दिसेल. पाणी उजळ दाखवणारा, चरबीचा सिग्नल दाबलेला टी२ क्रम (एमआरआयच्या चित्रांचा एक प्रकार) घेतलाच नव्हता.

यात एकट्या टेक्निशियनला दोष देण्यात अर्थ नाही. चिठ्ठीवर प्रश्नच नव्हता. दिवसभर मणका, गुडघा आणि मेंदू काढणाऱ्या केंद्रावर महिन्यातून एखादा जबडा येत असेल, तर कोणता प्रश्न सोडवायचा ते त्यांना चिठ्ठीनेच सांगायला हवे.

दुसरी चिठ्ठी

या वेळी चिठ्ठी अशी गेली: "डाव्या सांध्यात दोन वर्षे आवाज, साडेपाच आठवड्यांपासून आवाज बंद व तोंड अडकलेले. स्वतः उघडणे २४ मिमी, जोर देऊन २६, हनुवटी डावीकडे. सोबत सबम्यूकस फायब्रोसिस. प्रश्न: एक, डावी चकती कुठे आहे, कमाल उघडल्यावर परत येते का. दोन, सांध्यात पाणी किंवा काँडाइलच्या मज्जेत सूज आहे का. तीन, चावण्याच्या स्नायूंच्या जागेत, दोन्हीकडे, गाठ आहे का. दोन्ही सांधे काढावेत. तोंड २२ मिमीवर धरण्यासाठी ठोकळा सोबत पाठवला आहे. दातांत तारा, धातूचा पूल नाही."

ठोकळा दवाखान्यातच बनवला: जीभ दाबायच्या चौदा लाकडी पट्ट्या एकावर एक रचून, कागदी चिकटपट्टीने घट्ट गुंडाळून. पट्टीवर मोजला, २२ मिमी भरला. कमालीच्या दोन मिमी आत ठेवायचे कारण म्हणजे अगदी टोकाला उघडून माणूस तीन-चार मिनिटे स्थिर राहू शकत नाही. थरथर होते आणि चित्र पुसट येते. बऱ्याच ठिकाणी सिरिंजची नळी वापरतात, तेही चालते. २० मिलीच्या नळीचा बाहेरचा व्यास साधारण २० ते २१ मिमी असतो. मात्र सुई काढलेली आहे हे दोनदा पाहावे आणि नळी आडवी, दातांच्या कडांवर घट्ट बसवावी, नाहीतर ती घरंगळते. लाकडी पट्ट्यांचा फायदा हा की रुग्णागणिक मिलिमीटर जुळवता येतात.

तपासणीच्या खोलीत

दीड टेस्ला चुंबकशक्तीचे यंत्र, दोन्ही कानांपुढे एकेक लहान गोल कॉइल, एकाच वेळी दोन्ही सांधे. पेसमेकर, कानातला रोपित यंत्रभाग, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला का, हे नेहमीचे प्रश्न झाले. ठोकळ्यासह एकदा बाहेर, बाकावर बसवून सराव करून घेतला. तीन मिनिटे, नाकाने श्वास, गिळायचे नाही. उघड्या तोंडात लाळ साचते, माणूस गिळतो, आणि गिळताना जबडा हलतो. उघड्या तोंडाची सर्वाधिक चित्रे इथेच बिघडतात. गालाच्या आत गॉजचा छोटा तुकडा ठेवला तर लाळ शोषली जाते.

आत गेल्यावर आधी आडवे काप, त्यावर डाव्या आणि उजव्या काँडाइलचा लांब अक्ष वेगवेगळा आखला. बाजूचे काप त्या अक्षाला काटकोनात, समोरचे काप अक्षाला समांतर, जाडी ३ मिमी, चित्राचे क्षेत्र १२ सेमी. तोंड बंद ठेवून आधी चकतीची रचना दाखवणारा प्रोटॉन डेन्सिटीचा क्रम, मग चरबी दाबलेला टी२, मग समोरचे काप. समोरचे काप टाळायची सवय बऱ्याच जागी आहे. पण चकती नुसती पुढे नसते, आत किंवा बाहेरही कललेली असते, आणि ते बाजूच्या कापात कळत नाही. सांध्याच्या क्रमांत उघड्या तोंडाचा क्रम शेवटी. तो आधी घेतला तर दुखून माणूस पुढचे सगळे क्रम हलवतो. शेवटी कवटीच्या तळापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत ४ मिमीचे आडवे काप, गाठीच्या प्रश्नासाठी. शिरेतून औषध दिले नाही. गाठ दिसली असती किंवा संधिवाताची शंका असती तर दिले असते. मशीनवर रेडिओलॉजिस्ट स्वतः उभे होते आणि रुग्ण आत असतानाच त्यांनी उघड्या तोंडाची चित्रे पाहून घेतली. पहिल्या मालिकेत डावी बाजू हलली होती, ती तिथेच पुन्हा घेतली.

"भाऊ, अजून तीन मिनिटं. गिळू नका, हात हलवला तरी चालते, जबडा नको," एवढे एक वाक्य स्पीकरवरून गेले आणि दुसरी मालिका स्वच्छ आली.

चित्रांनी काय सांगितले

उजवा सांधा जसा असावा तसा. बंद तोंडात चकतीचा मागचा पट्टा बारावर, उघड्या तोंडात तिचा पातळ मध्य काँडाइल आणि उंचवटा यांच्या बरोबर मध्ये.

डाव्या बाजूला, चित्रात पुढची बाजू डावीकडे धरली तर, मागचा पट्टा दहाच्याही खाली सरकलेला. चकती पुढे आणि थोडी बाहेरच्या अंगाला. बाहेरचा कल फक्त समोरच्या कापांत दिसला. उघड्या तोंडात ती तिथेच राहिली, काँडाइल तिच्या मागे अडलेला, उंचवट्याच्या टोकापर्यंत न पोचलेला, आणि चकती मध्ये दुमडलेली. मागचा पट्टा जाड झाला होता. टी२ चित्रात वरच्या कप्प्यात थोडे पाणी. काँडाइलच्या मज्जेत सूज नाही, हाडाची कड अखंड. रेडिओलॉजिस्टनी एक गोष्ट मुद्दाम नोंदवली: चकतीच्या पुढे दिसणारी दुसरी काळी रेघ म्हणजे बाहेरच्या टेरिगॉइड स्नायूचा (जबडा पुढे ओढणाऱ्या स्नायूचा) कंडरा. तिला चकती समजले जाते, आणि मग चकती सरकलेली नसतानाही सरकलेली लिहिली जाते.

स्नायूंच्या जागेत गाठ नव्हती. त्या ओळीने घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण याने गालाचे अस्तर निर्दोष ठरत नाही, हेही त्याच भेटीत सांगितले गेले. अस्तर डोळ्यांनी, बोटाने आणि गरज पडल्यास तुकडा काढून तपासायचे असते.

उपचाराचा निर्णय

इंजेक्शने आणि काड्यांचा ताण थांबवला. दहा दिवस सूज उतरवणारे वेदनाशामक, मऊ जेवण, जांभई देताना हनुवटीला हाताचा आधार. लगेच पुढच्या आठवड्यात कानापुढची नस बधिर करून हाताने जबडा खाली-पुढे ओढून चकती बसवण्याचा प्रयत्न केला. ४ मिमी मिळाले, चकती बसली नाही. हा प्रयत्न पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत केला तर यश मिळण्याची शक्यता जास्त असते. इथे तो काळ निघून गेला होता.

पुढे दोन वाटा होत्या. दातांवर बसवायची पट्टी आणि व्यायाम यांना सहा-आठ आठवडे देणे, किंवा आर्थ्रोसेंटेसिस, म्हणजे सुयांनी सांधा धुऊन काढणे. साधारणपणे पहिली वाट आधी घ्यावी, कारण अडकलेले अनेक सांधे नुसत्या वेळेने आणि सौम्य व्यायामाने सैल होतात. इथे दुसरी निवडली. वरच्या कप्प्यात पाणी आणि ठणका होता, हाताने ओढून पुरेसे मिळाले नव्हते, आणि तोंड उघडल्याशिवाय फायब्रोसिसचा व्यायाम सुरू करता येत नव्हता. हा तिसरा मुद्दाच निर्णायक ठरला. नुसता सांध्याचा आजार असता तर थांबता आले असते.

आठव्या आठवड्यात स्थानिक भूल देऊन आर्थ्रोसेंटेसिस झाले. १९९१ मध्ये निट्झन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ही पद्धत मुळात सोपी आहे. कानाच्या ट्रॅगसच्या (छिद्रापुढच्या लहान उंचवट्याच्या) मध्यापासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ आखायची. पहिला बिंदू त्या रेघेवर ट्रॅगसच्या १० मिमी पुढे आणि रेघेखाली २ मिमी, दुसरा २० मिमी पुढे आणि १० मिमी खाली. पहिल्या सुईने वरच्या कप्प्यात रिंगर लॅक्टेट (सलाइनसारखे क्षारांचे द्रावण) भरून कप्पा फुगवला, दुसरी सुई बाहेर जाण्यासाठी, मग साधारण १०० मिली धुऊन काढले. मध्ये एकदा बाहेरचा प्रवाह थांबला. दुसरी सुई जराशी फिरवल्यावर सुरू झाला. सुया असतानाच जबडा हळूहळू उघडवत, उजवीकडे नेत राहायचे. भुलीमुळे काही तास डावी भुवई उचलता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवले होते. न सांगितल्यास घरचे अर्धांगवायू समजून घाबरतात. सांध्यात हायल्युरोनेट (वंगणासारखे औषध) सोडले नाही. त्याचा जादा फायदा निश्चित सांगता येत नाही आणि खर्च वाढतो.

चकती जागेवर आणणे हे उद्दिष्ट नव्हते, हे इथे स्पष्ट लिहायला हवे. उद्दिष्ट होते वरच्या कप्प्यातले चिकटणे सोडवणे आणि सूज धुऊन काढणे, म्हणजे काँडाइलला पुढे घसरता यावे.

परिणाम

खुर्चीतून उठताना ३३ मिमी. दोन आठवड्यांनी ३५. तीन महिन्यांनी ३७ मिमी, हनुवटी जेमतेम १ मिमी डावीकडे, उजवीकडची हालचाल ४ वरून ८ मिमी. कानातला ठणका दहापैकी ७ होता तो १ वर आला. दुसऱ्या आठवड्यापासून फायब्रोसिसचा व्यायाम नव्याने सुरू केला. या वेळी काड्या ठोकायच्या नव्हत्या. अंगठा आणि बोटांनी सौम्य ताण, दिवसातून पाच-सहा वेळा, दुखण्याच्या अलीकडे थांबायचे.

रुग्णाने दोनदा विचारले, "चकती बसली का जागेवर? परत एमआरआय काढू का?" काढला नाही. बहुतेकांत चकती पुढेच राहते, मागचे ऊतक कडक होऊन तिचे काम करू लागते आणि सांधा विनातक्रार चालतो. चित्रात पुढे दिसलेली चकती पाहून बऱ्या झालेल्या माणसाच्या मनात पुन्हा भीती घालण्यात कोणाचे भले नाही. ज्या चित्राने उपचार बदलणार नाही, ते काढायचे नाही.

खर्रा पूर्ण सुटला नाही. चार महिने बंद होता, हंगामात बाजारात रात्रपाळी सुरू झाली आणि दिवसाला एक पुडी परत आली. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनीवर त्याचे बोलणे चालू आहे. दर तीन महिन्यांनी गालाची तपासणी ठरली आहे. फायब्रोसिसच्या अस्तरात कर्करोग होऊ शकतो, आणि सांधा बरा झाला म्हणून ही टांगती तलवार दूर होत नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा तोटा झाला तो पहिल्या तीन आठवड्यांचा. त्या काळात हाताने चकती बसवण्याची खरी संधी होती. त्यासाठी एमआरआयची गरज नव्हती. "आधी आवाज यायचा का? कधी थांबला?" हे दोन प्रश्न आणि हनुवटी कुठे झुकते हे पाहणारी एक नजर पुरली असती. खर्रा खाणाऱ्या प्रत्येकाच्या नोंदीत उघडण्याच्या आकड्याशेजारी दिशा आणि दोन्ही बाजूंच्या हालचाली लिहायची सवय लावता येईल. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

दुसरी गोष्ट फायब्रोसिसच्या पायऱ्यांची. अनेक वर्गवाऱ्या तोंड किती मिलिमीटर उघडते यावर पायरी ठरवतात. या रुग्णाला २७ मिमीवरून मध्यम ते तीव्र गटात टाकले गेले आणि म्हणून इंजेक्शने लागली. सांधा सुटल्यावर तोच माणूस ३७ मिमीवर, म्हणजे सौम्य गटात आला. एवढ्या फायब्रोसिसला बहुधा खर्रा सोडणे आणि व्यायाम यांनीच सुरुवात केली गेली असती. सांधा अडकल्याची शंका असेल तिथे आधी सांधा, मग पायरी, असा क्रम ठेवायला हवा.

एमआरआयच्या बाजूला, पहिल्याच खेपेला लहान कॉइल, ३ मिमीचे तिरके काप आणि मोजून घेतलेला ठोकळा असता तर दुसरा खर्च वाचला असता. गडचिरोली किंवा गोंदियाहून नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत येऊन एक दिवस मोडणाऱ्या माणसाला पुन्हा बोलावणे म्हणजे अनेकदा तो पुन्हा न येणे. म्हणून ज्या केंद्रावर सांध्याची कॉइल नाही, तिथे रुग्ण पाठवण्यापूर्वी फोन करून विचारावे. ठोकळा चिठ्ठीसोबत दवाखान्यातूनच जावा. तो केंद्रावर शोधला जातो तेव्हा हाताशी गॉजच लागतो.

मतभेद एका ठिकाणी राहिला. पथकातल्या एकाचे म्हणणे होते की आठव्या आठवड्यात सुई घालायच्या ऐवजी पट्टी आणि व्यायामाला आणखी महिना द्यायला हवा होता. मज्जेत सूज नव्हती, हाड अखंड होते, म्हणजे घाई करावी असे चित्रात काही नव्हते. दुसऱ्यांचे म्हणणे, एक महिना थांबणे म्हणजे गालाच्या पट्ट्यांनाही एक महिना देणे. दोन्ही बाजूंना वजन आहे. फायब्रोसिस नसलेला असाच रुग्ण उद्या आला तर त्याला तो महिना दिला जाईल, यावर मात्र सगळे एकमत आहेत.